येरेलीचं पत्र

मंगळवार, ४ मार्च
पुन्हा तेच! हुशार मुलांच्या माझ्या खास वर्गात बाराजण. वर्षातून एकदा त्यांचा ‘कामावरचा दिवस’, यंदा तेरा तारखेला, आणि नियम काय — ज्याच्यासोबत दिवस काढायचा त्याचं पत्र मुलानं घरूनच आणायचं. दंतवैद्याचा मुलगा बापाच्या मित्राकडे, वकिलाची मुलगी काकाकडे. वाढलेल्या ताटातच पुन्हा वाढायचं. पत्र नसेल त्यानं वाचनालयात बसून व्हिडिओ बघायचे. ह्याला म्हणे संधी!

येरेली ओचोआनं पत्र आणलं. पाकिटावर मांसाच्या कारखान्याचं नाव. तिची आई तिथे मांस कापायला उभी असते. पोरीला व्हायचंय गुरांची डॉक्टर, आणि जाणार कुठे, तर जिथे गुरं कापतात तिथे.

गुरुवार, ६ मार्च
मुख्याध्यापक नोव्हाकांनी पाकीट बाजूला सारलं. "लॉर्नाबाई, वर्ग हुशार मुलांचा आहे. तिथे काय शिकणार ती, सुरी धरायला?" अंगाची लाही लाही झाली. म्हटलं, "तिची आई पंधरा वर्षं सुरी धरते, म्हणून तुम्ही जेवता." तर म्हणे, "मग दुसरं कुणी शोधा. नाहीतर वाचनालय."
शोधतेच.

शुक्रवार, ७ मार्च
सात फोन. सगळीकडे नन्नाचा पाढा. नेब्रास्कात माणसांपेक्षा गुरं जास्त, पण गुरांच्या एकाही डॉक्टरला एका दिवसापुरती एक पोरगी नको!

सोमवार, १० मार्च
जमलं. कुत्र्यामांजरांचा दवाखाना, बहिणीच्या नवऱ्याच्या ओळखीनं. हो, ओळखीनंच — ज्याला शिव्या घालते तेच केलं. येरेली म्हणाली, "बाई, पण माझं पत्र..." म्हटलं, "ते विसर गं. त्याहून चांगलं मिळालंय." नुसती मान हलवली तिनं. आभार नाहीत, काही नाही. थोडं लागलं मला.

गुरुवार, १३ मार्च
दिवसभर पिंजरे धुवायला लावले तिला! डॉक्टर तोंड दाखवायला आला नाही. नोव्हाक खूश — "गेली ना एकदाची?" ह्या शाळेत हुशारी बघतच नाही कुणी, बापाचं नाव बघतात. उद्या लेखी तक्रार करणार.

शुक्रवार, १४ मार्च
तक्रारीला जोडायला तिचं पत्र काढलं. पाकीट चिकटवलेलंच होतं. फोडलं.

सही डॉ. रूथ केलरची, कारखान्यात जनावरं तपासणाऱ्या सरकारी डॉक्टरची. ‘आई कामावरून सुटेपर्यंत येरेली दर शनिवारी माझ्याजवळ बसून माझी पुस्तकं वाचते. तेरा तारखेला तिला विद्यापीठातल्या जनावरांच्या दवाखान्यात नेईन. शस्त्रक्रिया दाखवीन. सकाळी सातला फाटकाशी थांबते.’

नोव्हाकांनी वाचलं नव्हतं. मीही नाही.