पाच संकल्पना आणि आठवी ब

१५ जून, सोमवार
शाळा उघडली. या वर्षी भूगोल धड्यांप्रमाणे शिकवायचा नाही. संकल्पनांप्रमाणे शिकवायचा. मे महिन्यातल्या ट्रेनिंगमध्ये माझे डोळे उघडले. (दुसऱ्या दिवशी. पहिल्या दिवशी एसीमुळे झोप लागली होती.) स्थान, अवकाश, प्रमाण, परस्परावलंबन, बदल. पाच की कन्सेप्ट्स. त्या मुलांच्या डोक्यात बसल्या की धडे आपोआप कळतात म्हणे. पाठ्यपुस्तक कपाटात ठेवून दिलं.

१९ जून
मुख्याध्यापिका प्रिती मॅडमना प्लॅन सांगितला. त्यांनी मागच्या वर्षी माझे चार धडे राहिल्याचा विषय काढला. याचा प्लॅनशी काही संबंध नाही. मग म्हणाल्या, गणपतीच्या सुट्टीपर्यंत आठवी बचा पोर्शन वेळेत दिसला नाही तर भूगोल हितेंद्र सरांना देणार. मला कार्यानुभव आणि वाचनालय. मी हसून 'बघाच मॅडम' म्हटलं. घरी आल्यावर जेवण गेलं नाही. भूगोलाशिवाय मला येतं काय?

३ जुलै
पहिला धडा, स्थानिक वेळ आणि प्रमाण वेळ. हा 'स्थान'मध्ये घ्यावा की 'अवकाश'मध्ये? विचार चालू आहे. पाया पक्का हवा. बायको, कालिंदी, विचारत होती की तोपर्यंत वर्गात काय करतोस. वातावरणनिर्मिती, असं सांगितलं. तिने कुकर लावला.

१७ जुलै
पाच संकल्पनांचा चार्ट तयार. रंगीत, लॅमिनेटेड. 'परस्परावलंबन' एका ओळीत मावेना म्हणून पुन्हा केला. दुसऱ्या वेळी 'बदल' राहून गेला. तिसरा उत्तम झालाय. उद्यापासून शिकवायला सुरुवात.

२० जुलै
चार्ट लावायला खिळा नाही. शिपायाला सांगितलंय.

७ ऑगस्ट
आठवी अचा भूगोल हितेंद्र घेतो. वय तिशीच्या आत, मूळचा गणिताचा. त्याचे तीन धडे झाले. धडा वाचतो, समजावतो, प्रश्न विचारतो. जुनाट पद्धत.  शिपायाला खिळ्याची पुन्हा आठवण केली.

२२ ऑगस्ट
सापडलं! क्षेत्रभेट! एका दुपारीत पाचही संकल्पना. लालबागहून चिंचपोकळीच्या पुलापर्यंत चालायचं. गिरण्या होत्या तिथे टॉवर, म्हणजे बदल. रस्त्याची रुंदी, म्हणजे अवकाश. तारीख मुलांनाच विचारली. सगळा वर्ग एका सुरात म्हणाला, पुढचा शनिवार, दुपारी दोन. वेळसुद्धा त्यांनीच दिली. रूटही. इतका उत्साह मी आजवर पाहिला नव्हता. याला म्हणतात विद्यार्थीकेंद्री नियोजन.

२८ ऑगस्ट
पालकांच्या सह्या एका दिवसात आल्या. एरवी महिना लागतो. जूनपासून गायब असलेला मनूसुद्धा हजर. किर्तीने विचारलं, मोठ्या बहिणीला आणू का? म्हटलं आण, ज्ञान वाटावं. दिनेशने विचारलं, फेटा चालेल का? म्हटलं, उन्हापासून बचाव म्हणजे हवामानाची जाण, जरूर बांध. शाळेनंतरची वेळ आहे, त्यामुळे मॅडमना विचारायचा प्रश्नच नाही. रिझल्टच दाखवू. कालिंदी म्हणाली, उद्या? लालबागला? नक्की? तिला वाटतं मला ऊन सोसत नाही.

३० ऑगस्ट, रविवार
काल लिहायचं त्राण नव्हतं.

काल आगमन होतं. कारखान्यातून मोठा गणपती मंडपात न्यायचा दिवस. हे लालबागमध्ये शेंबड्या पोरालाही ठाऊक असतं. मी दरवर्षी गणपतीच्या दिवसांत प्रभादेवीला घरी दारं-खिडक्या लावून बसतो, त्यामुळे तारीख बघत नाही.

दोन वाजता मुलं जमली. पांढरे झब्बे, फेटे, एकाकडे झांजा. मी चार्ट उघडून 'प्रमाण' म्हणालो आणि ढोल सुरू झाले. 'म्हणजे' म्हणेपर्यंत समोर वर्ग नव्हता. गर्दीने मला उचललं आणि परळच्या दिशेने नेलं. मला चिंचपोकळीला जायचं होतं. चार्ट कोणीतरी डोक्यावर धरून नेला. मी मुलांच्या काळजीने अर्धमेला झालो होतो. चक्क रडू येत होतं. एवढ्यात लाउडस्पीकर बोलला:

"आठवी बचे उन्मेष सर जिथे असतील तिथून पुलाजवळच्या स्टेजकडे यावे. त्यांची मुलं त्यांची वाट पाहत आहेत."

दोनदा बोलला. लोक हसले. मी पोचलो तेव्हा मुलं ओळीत बसून सरबत पीत होती. एकही हरवलं नव्हतं. मनूने मला पाणी दिलं.

तरी परस्परावलंबन साध्य झालं असं म्हणता येईल.

३१ ऑगस्ट
अनाउन्समेंटचा व्हिडिओ पालकांच्या ग्रुपवर आहे. प्रिती मॅडम चिडल्या नाहीत, तेच वाईट. मुलांना काही झालं असतं तर, एवढंच विचारलं.  सुट्टीनंतर आठवी ब हितेंद्रकडे. मी संकल्पना समजावू लागलो. त्या म्हणाल्या, सर, बसा जरा. बसलो.

११ सप्टेंबर, शुक्रवार
आठवी बवर शेवटचा तास. सोमवारी गणपती. मुलांना सांगितलं की आता हितेंद्र सर येतील.  त्यांना वाईट वाटलं, खरंच वाटलं. 

किर्ती उभी राहिली. "सर, पहिला धडा तरी तुम्ही शिकवा ना. आम्ही थांबलोय."

अर्धा तास हातात होता. कपाटातून पुस्तक काढलं. पान उघडलं. सगळ्यांनी वह्या काढल्या, मनूनेही शेजाऱ्याकडून एक कागद मागून घेतला. धडा तोंडपाठ आहे मला. सूर्य, रेखावृत्त, चार मिनिटांचा फरक. वीस मिनिटांत होतो.

मी म्हटलं, शिकवतो, पण त्याआधी संकल्पना म्हणजे काय ते नीट समजून घेऊ.

घंटा झाली तेव्हा मी 'अवकाश'वर होतो.