एका दोरीचा जमाव

३ नोव्हें., सोम.
दु. ओटीवर डोळा लागला. पुन्हा तोच टेलिफोन एक्स्चेंजचा बोर्ड. दिवे लुकलुकतायत, मी दोऱ्या खोचतेय, आणि त्या दोऱ्या ओल्या, वाळू चिकटलेल्या. "नंबर प्लीज" म्हटलं तर पलीकडून नुसती गाज. रिटायर होऊन इतकी वर्षं झाली तरी स्वप्नात ड्यूटी चालूच. ओव्हरटाइम कोण देणार?
जाग आली तर पायरीखाली बाबलो उभा. रापणीचा म्होरक्या, सगळा किनारा ह्याच्या हाकेवर चालतो, पण माझ्या पायरीवर कधी चढत नाही.
"बाय, हुकूम परत वाढवल्यानी."
किनाऱ्यावर पाचांपेक्षा जास्त माणसांनी एकत्र यायचं नाही. कुणी मोठे पाहुणे येणार म्हणून काढला होता. पाहुणे आले, शहाळी प्यायले, गेले. हुकूम राहिला. मुदत संपत आली की नवा कागद. माझ्या आवाराच्या गडग्यावरही चिकटवून गेले, न विचारता. मी ओला करून खरवडून काढला. सरकारी डिंक मात्र चांगला असतो.
पाच माणसांनी रापण ओढून दाखवावी कुणीतरी. होडी समुद्रात जाळ्याचा अर्धा वेढा घालून येते, मग दोन्ही टोकांच्या दोऱ्या ओढायला अर्धा गाव लागतो.

५ बुध.
मालवण. हुकूम काढणाऱ्या ऑफिसात. इस्त्रीची साडी, इस्त्रीचं मराठी.
कारकून सभ्य होता, तेच जास्त लागलं. "मॅडम, परवानगी मिळते. आठ दिवस आधी अर्ज करा. तारीख, वेळ, ठिकाण."
"मासे कोणत्या तारखेला येणार ते मी आठ दिवस आधी कसं सांगू? त्यांचा नंबर माझ्याकडे नाही."
हसला. मग आजूबाजूला बघून हसू मिटलं.
"आणि ते पॅराशूटला लटकायला जथ्थेच्या जथ्थे येतात ते?"
"ते पर्यटक, मॅडम. त्यांना जमाव म्हणत नाहीत."
परत येताना एस.टी.त खिडकीची सीट. खाडीचं पाणी इतकं स्थिर, की उलटे माड खरे आणि सुलटे त्यांची सावली वाटावी. कोणत्या बाजूला राहते मी? उतरायचा थांबा चुकला. चालत आले.

८ शनि.
संध्याकाळी जपमाळ हातात घेऊन तेर्स म्हणून झाल्यावर बाबलोच्या होडीपाशी बसले. वाळूवर नुसती पडून आहे. आत कोणाची तरी मांजर व्याली आहे.
गोव्याचा कुणी हॉटेलवाला होडी मागतोय. बागेत ठेवणार.
"तेच्यात फुलझाडां लावतलो म्हणता," बाबलो म्हणाला. "माका पण घे म्हणान सांगलंय. कुंडी म्हणान बसतलंय."
मी हसले. तो हसला नाही. ह्या महिन्यात रापण पडली नाही तर देऊन टाकणार. मुलगे आधीच पणजीला हॉटेलात लागलेत. रापण एकदा मोडली की मोडली. पुन्हा कोण जमवणार माणसं, आणि माणसं जमवणं हाच तर गुन्हा.
घरी येता येता सुचलं. सावंतवाडीच्या कॉन्व्हेंटात सिस्टर आम्हाला तळ्यावर नेताना पाच-पाचींचे घोळके करायच्या, मध्ये मोकळी जागा. लोकांना त्रास नको म्हणून. मी परत गेले, बाबलोला सांगितलं.
"बाय, तुझ्या त्या मदरीन रापण वढल्यानी काय कधी?"
पण ऐकलंन.

१२ बुध.
हात सोलवटलेत. अक्षर असं येणार.
सकाळी धुकट. समुद्र कुठे संपतो आणि आकाश कुठे सुरू होतं ते दिसत नव्हतं. मग पाण्याचा एक तुकडा काळवंडला, वर पाखरं. मांजर-पिल्लं टोपलीत उतरवली, होडी गेली. त्या पांढऱ्यात विरघळलीच, फक्त वल्ह्यांचा आवाज. मग आली.
आम्ही दोरीला पाच-पाच. मध्ये अंतर. मी तिसऱ्या पाचांत. धुक्यामुळे पुढचे पाच दिसत नव्हते, पण दोरीतून कळत होते. बोर्डावर असंच कळायचं मला, पलीकडे कुणी आहे की नाही ते.
मग हवालदार. नवा, वैभववाडीकडचा. समुद्राला अजून वचकून असतो.
"काय चाललंय? जमाव आहे हा."
मी म्हटलं, "पाच आहोत. मोजा."
त्याने दोरीच्या कडेने दूरवर नजर टाकली. "दोरी एकच आहे ना? मग जमाव एकच. सोडा."
बाबलो ओरडला, "साहेबानू, आता सोडली तर जाळा जाता!"
त्याने थांबवायला म्हणून माझ्या मागे दोरी धरली. तेवढ्यात लाट मागे फिरली आणि सगळ्यांना घेऊन निघाली. बूट पाण्यात. "वढ रे! वढ!" आणि त्याने ओढली! कमरेत वाकून, मागे मागे चालत, आमच्यासारखीच. टोपी पडली, ती कुणी बघितलीच नाही. एकदा मागे वळले तर हसत होता. शपथेवर सांगेन.
बांगडे. वाळू चंदेरी.
वाटे घातले. दोरीला हात लावला त्याला वाटा, मग तो कुणी का असेना. बाबलोने एक वाटा टोपीशेजारी ठेवला.
"ह्यो तुमचो."
"मी बंद करायला धरली होती."
"दोरयेक काय ता कळता?"
त्याने टोपी उचलली. वाटा नाही. गेला. ओले बूट पचपचत होते.

१३ गुरु.
सगळ्यांना सोमवारी पोलीस स्टेशनात बोलावलंय. बेकायदा जमाव. साक्षीदार एकच, वैभववाडीकर.
आयुष्यभर माणसांना माणसांशी जोडायचा पगार ह्याच सरकारकडून घेतला. आता ह्यांना माणसं जोडलेली खुपतात.
त्याचा वाटा दुसरं कुणी उचलत नाही, तशी रीतच नाही. काल बाबलो त्यावर ओलं गोणपाट टाकून कावळे हाकत बसला होता. तिन्हीसांजेला मी म्हटलं, दे इकडे, त्याचा म्हणून राखते. चिरले, मीठ भरलं. आज ओटीवर वाळत घातले. मांजर आणि मी समोरासमोर.

१६ रवि.
चर्चात मिसाला गेले. शेजारीण, डोळे मिटलेले ठेवून: "उद्या काय सांगतलंस गो?"
"खरां."
"जेझू! तां नको."
दुपारी पुन्हा बोर्ड. ह्या वेळी सगळ्या दोऱ्या एकाच भोकात जात होत्या आणि पलीकडून कुणीतरी ओढत होतं. मी सोडली नाही.
बांगडे कडक वाळलेत. वर्तमानपत्रात बांधून पिशवीत ठेवलेत, चष्म्याशेजारी. उद्या सगळ्यांच्या आधी हवालदाराच्या टेबलावर ठेवणार, त्याचा वाटा म्हणून. घेतला तर तोही जमावातला. मग कोण कोणावर साक्ष देणार? नाही घेतला तर... तर माहीत नाही. हॉटेलवाला उद्या संध्याकाळी होडी न्यायला टेम्पो घेऊन येतोय. केस झाली तर पुढे रापण कसली, म्हणून बाबलोने बोलावलंय.
"सकाळी काय होता ता बघूया," म्हणाला.
मगाशी फिरून आले. होडीत परत ठेवलेली मांजर नव्हती. पिल्लं हलवलीत तिने. दोरी मात्र कुणीतरी गोड्या पाण्यात धुऊन वाळत टाकली आहे, किनाऱ्यावरच्या दगडी क्रुसापासून बाबलोच्या माडापर्यंत. वाऱ्यावर हलतेय.