मौजा बेलझरी (रिठी) येथील ग्रामस्थांनी आजीला परत पाठविण्याबाबत

प्रति,
मा. तहसीलदार साहेब,
मौजा बेलझरी (रिठी) ज्या तालुक्यात येते तो तालुका,
जिल्हा नागपूर.

विषय : माहेरी गेलेली माझी आजी श्रीमती कौसल्याबाई मधुकरराव भोयर, वय ९१, हिला येत्या मंगळवारपूर्वी घरी पाठविण्याचे आदेश बेलझरीच्या ग्रामस्थांना देणेबाबत.

संदर्भ : १) एक इंचास एक मैल मापाचा जुना स्थलदर्शक नकाशा, पाहणी सन १९२८.
२) पटवारी साहेबांशी बुधवारी झालेले तोंडी बोलणे.

महोदय,

मी हर्षित रुपराव भोयर, वय २४, वाडी येथील एका ट्रान्सपोर्ट गोदामात ट्रकांचे रस्ते ठरवून देतो. सुटीच्या दिवशी जुने नकाशे घेऊन, त्यात दाखवलेल्या पण आता नसलेल्या पाऊलवाटा, विहिरी व गावे शोधतो. आजवर अकरा विहिरी सापडल्या. त्यांपैकी एकीत मी पडलो. छंद निरुपद्रवी आहे, असे मी गेल्या रविवारपर्यंत समजत होतो.

१. संदर्भ क्र. १ चा नकाशा मला लकडगंजच्या एका रद्दीवाल्याकडे मिळाला. त्यात बेलझरी आहे : बावीस लाल ठिपके म्हणजे घरे, एक निळा ठिपका म्हणजे विहीर, आणि ओढ्यापासून आत जाणारी तुटक पाऊलवाट. आपल्या दप्तरी हेच गाव 'रिठी' आहे, म्हणजे नाव शिल्लक, माणूस शून्य. १९४२ साली हैजा आला, अर्धे गाव गेले, उरलेले उठून गेले. आजी तेव्हा आठ वर्षांची होती. आईबाप गेले, मामाने वाढवले. नकाशा घरी पसरला तेव्हा, जिला अक्षर वाचता येत नाही त्या माझ्या आजीने विहिरीपासून तिसऱ्या ठिपक्यावर बोट ठेवले व म्हणाली, "हे आमचं. धूर निघून राह्यला पाह्य."

ठिपक्यातून धूर निघत नव्हता. तरी मी तिला दाखवायला घेऊन गेलो. ही चूक माझी.

२. रविवार दि. २ मार्च रोजी आम्ही पोचलो. बाजूला संत्र्याची बाग, मध्ये चिंचेचे झाड, बुजत आलेली विहीर आणि गवतात घरांची दगडी जोती. मी मोजली, सहा होती. आजी विहिरीपासून तिसऱ्या जोत्यावर जाऊन बसली ती उठेना. म्हणाली, "मी माहेरी आली. तू जाय आता, पाव्हण्यानं दारात उभं राहू नये."

३. सोमवारी आमच्या गोदामाचे ड्रायव्हर ओमप्रकाशजी यांची मालवाहू गाडी नेली. आजीला, वडिलांनी रात्री तिच्यासाठी तिथे नेलेल्या खाटेसकट, गाडीत ठेवले, ओढा ओलांडला, सरळ गेलो आणि पुन्हा त्याच विहिरीपाशी आलो. हे तीनदा झाले. ओमप्रकाशजी चौदा वर्षांपासून कोलकात्यापर्यंत ट्रक नेतात. ते म्हणाले, "भैया, मैं तो सीधाच चला रहा हूँ. गाँव को पूछो." आजीला उतरवून रिकामी गाडी काढली, तर दहा मिनिटांत डांबरी रस्ता लागला.

४. मंगळवारी आजीच्या पांढऱ्या केसांच्या दोन वेण्या घातलेल्या होत्या, लाल फितीसकट. घरी ती कोणाला डोक्याला हात लावू देत नाही. विचारले तर म्हणाली, "मायनं घातल्या. केसाइची काय दशा केली म्हणून बोलली मले." त्या दिवशी मी जोती पुन्हा मोजली. बावीस भरली. सगळी शेणाने सारवलेली होती आणि सारवण ओले होते.

५. बुधवारी पटवारी साहेबांना भेटलो. त्यांचे म्हणणे, "रिठीत माणूस नाही, त नोटीस कोणाच्या हातात देऊ? दारावर चिकटवाले दार त पाहिजे ना, भाऊ." ही हरकत मला मान्य नाही. लोकसंख्या शून्य असेल, तर सदर ग्रामस्थांचे वास्तव्य हे अतिक्रमण आहे व ते हटवणे आपल्या अधिकारात येते. शून्य नसेल, तर ते आपल्या तालुक्याचे नागरिक आहेत व त्यांनी आपला आदेश पाळला पाहिजे. दोन्हीकडून काम आपलेच निघते.

६. ग्रामस्थांची बाजू आजीमार्फत समजली ती अशी, की "लेकीले असं कोणाहीसोबत धाडत नसते, जावई घ्यायले आला पाहिजे." मी नातू असल्याचे मोठ्याने कळवले. त्यावर, आजीच्या सांगण्यानुसार, बावीसही घरे हसली. जावई म्हणजे माझे आजोबा मधुकरराव. ते १९९८ साली वारले. हेही मी स्पष्ट सांगितले. आजी म्हणाली, "मालूम आहे मले. मंगळवारी येऊन राह्यले ते घ्यायले. सांगावा आला."

महोदय, घाई आहे ती यामुळे. आजोबांसोबत निघाली तर ती आमच्या घरी येणार नाही.

७. माझे वडील तिच्याजवळ ताडपत्री बांधून बसलेले असतात. मी त्यांना म्हटले, साहेबांकडे चला, सही करा. ते म्हणाले, "लग्न झाल्यापासून एका सणाले माहेरी गेली नाही गा ती. कुठं जाणार होती? चार दिवस राहू दे तिले." काल त्यांनी तिचे लग्नातले हिरवे पातळ पेटीतून काढून, इस्त्री करून नेऊन दिले. मला विचारले नाही.

घरात आता या विषयावर अर्ज करणारा मी एकटाच उरलो आहे.

तरी सोमवारी कार्यालयीन वेळेत आपण ग्रामस्थांना आदेश द्यावा व आजोबांचा दौरा पुढील सूचनेपर्यंत तहकूब करावा. नकाशा मी कार्यालयात जमा करण्यास तयार आहे, पुन्हा कधी मागणार नाही. आणि हे काहीच आपल्या अधिकारात बसत नसेल, तर एवढे तरी आजोबांना लेखी कळवावे, की तिला हळू चालवत न्यावे. डावा गुडघा दुखतो, पण ती स्वतःहून थांबा म्हणत नाही.

आपला नम्र व सध्या रजेवर असलेला,
(सही)
हर्षित रुपराव भोयर
नागपूर, दि. ७ मार्च २०२५, शुक्रवार

सोबत :
१) नकाशाची रंगीत प्रत.
२) आजोबांचा मृत्यू दाखला, साक्षांकित.
३) आजीच्या आधार कार्डाची प्रत.
४) गुडघ्याला बांधायचा पट्टा, एक नग. हा तिला पोचवावा. परत नको.