डिकीतली खिचडी

सिल्वासा,
कार्तिक शुद्ध सप्तमी

प्रिय अदिती,

अनेक आशीर्वाद. पत्र बघून दचकू नकोस, इकडे सगळं ठीक आहे. बाबांची पाठ जशी होती तशीच आहे, माझे गुडघे त्यांच्या पाठीहून बरे आहेत, आणि बाल्कनीतल्या तुळशीला यंदा मंजिऱ्या इतक्या आल्यात की शेजारच्या शोभावहिनी रोज एक कारण काढून बघायला येतात. तू म्हणशील, फोन असताना पत्र कशाला? अगं, फोनवर तू दोन वाक्यांत 'आई, गाय आलीय, ठेवते' म्हणतेस. गुरांच्या डॉक्टरीणबाईची आई व्हायचं म्हणजे गायीच्या मागे नंबर लावायचा. पत्र हातात असलं की गायीलाच थोडं थांबावं लागेल. आणि मला हे एका दमात सांगायचंय, मध्ये कुणी 'हं, हं' न करता.

तर बातमी अशी की आपण गाडी घेतली. नवी आणि मोठी. इतकी मोठी की सोसायटीच्या वॉचमनने पहिल्या दिवशी मला चक्क सलाम ठोकला. एरवी मी भाजीची पिशवी घेऊन आले की तो मोबाईलमधून मान वर काढत नाही. किंमत लिहीत नाही, कागदाला घाम फुटेल. बाबा चैत्रात रिटायर होतील. जन्मभर खडोलीच्या कंपनीत दुसऱ्यांची मशीनं सांभाळली, आता एक मशीन स्वतःचं हवं, असं त्यांचं म्हणणं. मी म्हटलं, घरात मिक्सर आहे की. त्यावर ते हसलेसुद्धा नाहीत, तेव्हाच ओळखलं की मामला गंभीर आहे.

खरं कारण मशीन नव्हतं, ते तुलाही कळतं. आखाजीला तू माहेरी आलीस आणि निघताना जिन्यात चप्पल घालता घालता विचारलंस, आई, मोलगीला कधी येणार? आणि आलीस तर राहशील का? मी पापडाच्या डब्याला दोरी बांधत होते. गाठ बसली होती तरी बांधतच राहिले. तू उत्तराची वाट बघितलीस, मग डबा घेतलास आणि गेलीस. बाबा मागे उभे होते. त्यांनीही ऐकलं होतं.

तू नाशिकला होतीस तोवर माझं निभत होतं. पहाटे निघायचं, पेठवरून दुपारच्या आत पोचायचं, काळारामाच्या देवळात बसून आपला डबा खायचा, मग तुझ्याकडे येऊन गप्पा मारायच्या आणि तहान लागायच्या आत परत फिरायचं. लेकीला मूल होईपर्यंत आईने तिच्या घरचं अन्नपाणी घ्यायचं नाही, हे माझ्या आईने पाळलं, तिच्या आईने पाळलं. तुझे बाबा मात्र पहिल्याच भेटीत आपल्या जावयाच्या, गौरवच्या हातचे पोहे दोनदा मागून खाऊन बसले. म्हणे, नियम आयांना आहे, बापांना सूट आहे. सूट कुठे लिहिलीय ते विचारलं तर म्हणाले, पोह्यांवर. पण तुझी बदली तिकडे सातपुड्यात झाली आणि माझा सगळा हिशेब कोलमडला. मोलगीपर्यंतच अर्धा दिवस जातो, पुढे तुझ्या पाड्याचा तो कच्चा रस्ता, मध्ये ओढा. आपली जुनी गाडी स्पीडब्रेकरलासुद्धा पोट घासायची. एका दिवसात जाऊन येणं अशक्य, आणि राहायचं म्हटलं की जेवणं आलंच. म्हणून तुझं घर मी अजून फक्त मोबाईलमध्ये पाहिलंय. शोभावहिनींनी तोडगा सांगितला होता, लेकीच्या हातावर अकरा रुपये ठेवायचे आणि खुशाल जेवायचं, म्हणजे ते विकत घेतलेलं झालं. मी म्हटलं, वहिनी, मी घरखर्चाच्या वहीत चार आण्याची खाडाखोड करत नाही, देवाच्या वहीत कशी करू?

गाडी हायब्रीड आहे म्हणाले तेव्हा मी आधी नाकच मुरडलं. हायब्रीड म्हटलं की मला आजोळची हायब्रीड ज्वारी आठवते. पीक उदंड, भाकरी बेचव. बाबांनी मग मला समजावून सांगितलं की हिच्यात पेट्रोलचं इंजिनही आहे आणि बॅटरीही, दोघं मिळून चालवतात, आणि ब्रेक मारला की एरवी जी शक्ती वाया जाते ती ही बॅटरीत साठवून ठेवते, पुढे वापरते. मी म्हटलं, म्हणजे शिळ्या पोळीचा कुस्करा. ते म्हणाले, अगदी तोच. त्या क्षणी मला गाडी आपल्या घरातली वाटायला लागली.

शोरूममध्ये सोनम नावाची मुलगी होती. मूळची धुळ्याकडची, वडील नरोलीच्या फॅक्टरीत, ही इथेच वाढलेली. वाक्य मराठीत सुरू करते, गुजरातीत वळवते आणि हिंदीत पार्क करते. शोरूमच्या मागच्या मोकळ्या प्लॉटवर त्यांनी मातीचे ढीग, खड्डे आणि पाण्याचं एक डबकं तयार केलं होतं. मला वाटलं, बांधकाम चाललंय. तर ते म्हणे गाडीची परीक्षा घ्यायला. मी दहावीच्या परीक्षेलासुद्धा एवढी घाबरले नव्हते. डबकं बघून मी म्हटलं, बाई गं, बॅटरी भिजली तर शॉक बसायचा, माझ्या घरात ओल्या हाताने बटण दाबायलाही बंदी आहे. सोनम म्हणाली, काकी, टेन्शन नको लेवानु, बॅटरी एकदम पॅक आहे, लोणच्याच्या बरणीसारखी. लोणचं म्हटल्यावर मी बसले. मग गाडी ढिगावर चढली आणि एका कुशीवर कलली, इतकी की बाबा माझ्या वर दिसायला लागले. मी रामरक्षा सुरू केली. इतक्या वेगाने मी ती कधीच म्हटली नव्हती. ढीग उतरेपर्यंत फलश्रुतीला पोचले होते. उतरताना सोनमने दोन्ही पाय वर घेऊन दाखवले, बघा काकी, ब्रेक मी नाही, गाडी स्वतः धरतेय. मी म्हटलं, पाय खाली ठेव आधी, देव आहे पण त्याला किती कामाला लावायचं.

बाबांचं मन तिथेच भरलं होतं. माझं भरलं ते डिकीत. सोनमने मागचं दार उघडलं आणि म्हणाली, इथे प्लग आहे काकी, घरच्यासारखा, पंखा लावा, लॅपटॉप लावा. मी विचारलं, राइस कुकर? ती म्हणाली, छोटा असेल तर चालेल ने. अदिती, त्या रात्री मला आनंदाने झोप लागेना. तुला सांगते, मला जणू देवीनेच मार्ग दाखवला असं वाटलं. मागची सीट आडवी केली की दोन माणसांची गादी बसते. डिकीत कुकर. पाणी घरून कॅनमध्ये न्यायचं. गाडी तुझ्या अंगणात उभी करायची, दिवसभर तुझ्याशी बोलायचं, आणि जेवायचं-झोपायचं आपल्या गाडीत. गाडी आपली, तांदूळ आपले, प्लग आपला. लेकीच्या घरचं काहीच नाही. चार दिवस राहा की आठ दिवस राहा. सकाळी बाबांना सांगितलं, गाडी घेऊन टाका. एवढ्या चटकन मी त्यांना पुरणयंत्रसुद्धा घेऊ दिलं नव्हतं.

पण न तपासता घेईन ती मी कसली. पुन्हा एकदा चालवून बघायची म्हणून आम्ही गेलो तेव्हा मी कापडी पिशवीत कुकर, धुतलेले डाळतांदूळ आणि फोडणी करून घेतलेली छोटी डबी घेऊन गेले. मॅनेजरला वाटलं पूजेचं सामान आहे, त्याने हात जोडले. खानवेलच्या पुढे साकरतोड नदीच्या काठी बाबांनी गाडी एका दगडाळ उतारावरून खाली घेतली, स्वतः चालवत, लहान मुलासारखे दात काढत. झाडाखाली थांबलो, मी कुकर लावला, आणि खरंच गं, थोड्या वेळाने डिकीतून हिंगाचा वास यायला लागला. सोनमने फोटो काढला. म्हणाली, काकी, मी आजवर शंभर टेस्ट ड्राइव्ह दिल्या, प्रसाद पहिल्यांदाच मिळतोय. आम्ही तिघं दगडांवर बसून जेवलो.

मी मोठ्या उत्साहाने तिला माझी सगळी योजना सांगितली. अंगण, गादी, पाण्याचा कॅन, सगळं. तिला वाटलं मी तिचं कौतुक करतेय म्हणून ती मन लावून ऐकत होती. मग तिने विचारलं, काकी, ताई त्या वेळी गावाला जाणार आहेत का? मी म्हटलं, छे, तिच्यासाठीच तर जायचं. तर ती म्हणाली, अच्छा, मग ताई कुठे जेवणार? तुमच्याबरोबर डिकीत, की आत एकट्या?

तिच्या बोलण्यात टोमणा नव्हता. तिला खरंच जेवणाची व्यवस्था जाणून घ्यायची होती. पण माझा घास हातातच राहिला. मला तू दिसलीस. तुझ्या ओट्याशी उभी, पदार्थ करून झालेले, खिडकी उघडी, आणि बाहेर अंगणात तुझी आई डिकीत डाळतांदूळ शिजवतेय. आजूबाजूच्या पाड्यावरच्या बायका कुंपणाशी येऊन बघतायत आणि तुला विचारतायत, डॉक्टरीणबाई, तुमच्या आईचं तुमच्याशी काही बिनसलंय का? आणि तू काय सांगणार होतीस त्यांना? माझा नियम समजावून सांगायचा म्हणजे जे तू कुणाला सांगत नाहीस तेच तुला सगळ्यांपुढे बोलायला लागणार.

परतीच्या वाटेवर मी रिकामा कुकर मांडीवर घेऊन बसले. बॅटरीवर चालताना ही गाडी मुळीच आवाज करत नाही, त्यामुळे गाडीत शांतता फारच मोठी वाटली. बाबा म्हणाले, खिचडी छान झाली होती. मी म्हटलं, मीठ कमी होतं. ते म्हणाले, मला नाही वाटलं. पुढे नरोलीचा फाटा आला तेव्हा रस्त्यावरची नजर न काढता म्हणाले, छाया, तू आल्यावर कसं राहायचं त्याचा हिशेब करतेस. मी गाडी घेतोय ती फक्त तिथे पोचण्यासाठी. पुढचं तू आणि तुझी लेक बघा. इतकी वर्षं ते माझ्या उपासातापासाबद्दल एक शब्द बोलले नव्हते. हाही शब्द ते रागाने नाही बोलले.

गाडी गेल्या शुक्रवारी घरी आली. चारी चाकांखाली लिंबं ठेवली, नारळ फोडला, बॉनेटवर कुंकवाचं स्वस्तिक काढलं. सोनमला मी चोळीचा खण दिला, तिने मला सेल्फीत ओढलं. पहिली फेरी वणीला केली. गडावर गर्दी कमी होती, देवीपुढे निवांत उभं राहता आलं. तुझ्या लग्नापासून मी तिच्यापुढे दर वेळी एकच मागणं मागत आले. या वेळी काही मागितलं नाही. आई, मी असं असं करणार आहे, एवढं सांगून आले. ती नेहमीसारखीच बघत होती, जरा मान कलती करून. मला तरी रागावलेली दिसली नाही.

आता हे पत्र का ते लिहिते. दिवाळीच्या आधी गौरवने बाबांना फोनवर सांगितलं की तुम्ही दोघांनी मुंबईचे उपचार थांबवले आहेत, आणि आईला कसं सांगायचं हे अदितीला सुचत नाही. मला सांगायला तुला शब्द शोधायला लागावेत, हे मला सहन होईना. म्हणून तुझ्या आधी मीच लिहितेय. तू नको सांगूस, मला कळलं आहे, आणि त्यावर मला काही विचारायचंही नाही. तुझ्या घरी जेवायला बसण्यासाठी मी आता आणखी कुणाच्या येण्याची वाट बघणार नाही. माझी लेक त्या घरात आहे, तेवढं मला पुरे. त्रिपुरी पौर्णिमा झाली की शनिवारी आम्ही निघतो. ओढ्याला पाणी किती आहे ते गौरवला बघून ठेवायला सांग. बाबांना ते जास्तच असावं असं मनातून वाटतंय, त्यांना गाडी पाण्यात घालून दाखवायचीय. बरोबर डबा नाही, पाण्याची बाटली नाही, काही नाही. तू पिठलं कर, लसूण जरा सढळ हाताने घाल, आणि तुमच्याकडच्या भगरीचा भात. मी दोनदा मागून घेणार आहे. आणि दारात आले की ओवाळत बसू नकोस गं, आधी तांब्याभर पाणी दे. प्रवासाने घसा सुकलेला असेल, मी उंबऱ्यातच उभ्याने पिणार आहे.

तुझीच,
आई