पणजोबांचे तीन दिवस

मलिंगार, ७ फेब्रुवारी २०२१

पणजोबा राणीच्या अमदानीतले कारकून. त्यांची रोजनिशी वाचतोय. दर महिन्याला सलग तीन दिवस एकच ओळ: ‘कचेरीस उशीर. साहेब रागावले.’ पीत असतील का? दिवसभर जिवाला घोर. शेवटी सूनबाईला दाखवलं.

ती हसली. “बाबा, बदलीच्या गावी दोघंच. बायको बाजूला बसली, की स्वयंपाक करून जात असतील. तीनच दिवस, बघा ना!”

खरंच की. एका ठिकाणी लिहिलंय, ‘भात लागला.’ हायसं वाटलं.

सोफ्यावरून ही म्हणाली, “नशीबवान हो ती! मला तुमची आई लांबून वाढायची. तुम्ही ओट्यावर पेपर वाचत बसायचात.”

मला काहीच आठवेना. हिने पेपरचं नावसुद्धा सांगितलं.