जयंतीचं भाषण

दादा, पौर्णिमाचा जय भीम.

हितं ऊसतोडीवर आमी दोघं नवराबायको बरे हाव. आईचा गुडघा कसा हाय? तिला पाणी भरू देऊ नका.

फोनवर बोलवना, म्हणून लिहिते. आपल्या शेजारच्या मुक्ताकाकूला ऊस तोडताना पोटाचा लई त्रास व्हायचा. मुकादम म्हणला, गर्भाची पिशवी काढून टाक, मग कामाला खाडा न्हाई. काकू भेली. तवा मुकादम मला म्हणला, "तू जयंतीला भाषण करतीस, तूच समजाव."

आमच्या राहायच्या कोप्यांसमोर उभी राहून मी जयंतीचं तेच भाषण केलं. बाईनं भ्यायचं न्हाई, आपला निर्णय आपण घ्यायचा. बायकांनी टाळ्या वाजवल्या. मलाबी ते खरंच वाटलं व्हतं. दुसऱ्या दिवशी काकू दवाखान्यात गेली.

दीड महिना झाला, ती उठलेली न्हाई. ताप उतरत न्हाई. तरी रोज मलाच बोलावती. "पौर्णिमा, तू बोललीस की बरं वाटतं."

तिच्या पोरींना एवढ्यात काही सांगू नका.

खुर्चीवर उभं करून तुमी मला शिकवलं व्हतं, बोलताना समोरच्याच्या डोळ्यांत बघायचं. काल मी कोपीच्या पाचटाच्या भिंतीकडं बघून म्हणले, "काकू, तू बरी व्हशील."

तरी तिनं खरं मानलं.

तुमची,
पौर्णिमा