येळवशीच्या दिवशी आलेला कॅप्टनचा फोन

माय, तुला जाऊन इतकी वर्षं झाली, आता काही सांगायचं म्हटलं तर सुरुवात कुठून करावी तेच कळत नाही. म्हणून सरळ सांगतो, मला पुन्हा जहाज मिळालं. मधे ते सुटलं होतं, हे तुला ठाऊक असायचं कारण नाही. कंपनीनं जहाजं विकली आणि आम्हाला घरी जायला सांगितलं. मी हेड कुक होतो, अख्खं जहाज माझ्या हातचं जेवायचं. नवी मुंबईला जाऊन, जहाजांवर माणसं पाठवणाऱ्या एजंटांचे उंबरे झिजवले. प्रत्येक जण चहा पाजायचा आणि कळवतो म्हणायचा. चहा चांगला असायचा, तेवढं खरं. शेवटी कंटाळून परत आलो.

परत आलो तो हुमनाबादला, तू भाकरी थापायचीस त्याच हायवेवरच्या ढाब्यावर. तुझी चूल अजून तिथंच आहे, फक्त मागच्या भिंतीला आता फरशी लावलीय. गल्ल्यावर मालकाचा मुलगा बसतो. भाकरी करणारी बाई काम सोडून गेली होती. तो म्हणाला, जहाज मिळेपर्यंत तुम्हीच बसा की. बसलो. लहानपणी मी तिथंच तुझ्या पाठीमागं पिठाच्या पोत्याला टेकून बसायचो. फाटलेली भाकरी गिऱ्हाइकाला चालायची नाही, ती माझी व्हायची. भाकरी फाटावी म्हणून मी मनापासून देवाला विनवायचो, आणि तुझी भाकरी काही फाटायची नाही. माझ्या मात्र पहिल्या आठवड्यात निम्म्या फाटल्या. जहाजावर पाव भाजून भाजून हात बिघडला होता. मग जमलं. वर्ष उलटून गेलं तरी एजंटांचा फोन नव्हता, आणि पुन्हा दर्यावर जाणं होतंय की नाही, या धास्तीनं मी आतून पार पोखरून निघालो होतो.

येळवशीला, वेळा अमावस्येला, आपण कोहिनूर गावी शेतात जायचो, तसे अण्णा आणि मी, दोघं भाऊ, घरच्यांना घेऊन अजून जातो. कडब्याची खोपटाएवढी कोप, आत चुना लावलेले पाच दगडांचे पांडव, पालेभाज्या-डाळींच्या भज्जीचं पातेलं, आंबिलीचं मडकं, सगळं तसंच. तुझा एक ओरडा अजून कानात आहे. मी लहान आहे, भज्जी थोडीच उरलीय, आणि बांधावरून एक मेंढरं राखणारा म्हातारा चाललाय. मी दिसलं न दिसलं केलं. तू ताटावरून उठलीस. "बांधावरनं माणूस उपाशी जायलाय अन् तू खात बसलायस? ऊठ, हाक मार त्याला." मी हाक मारली. तो आला आणि माझ्या वाटणीची भज्जी खाऊन गेला. त्याचा मला दोन दिवस राग होता.

यंदा अमावस्येच्या दिवशी आम्ही कोपीपुढं जेवायला बसणार, तेवढ्यात एजंटाचा फोन आला. कॅप्टन आत्ताच व्हिडिओवर बोलणार, एका कुकची जागा आहे. मी मोबाइल आंबिलीच्या मडक्याला टेकवून मांडी घालून बसलो. कॅप्टन पिकल्या मिशांचे, हिंदीत बोलणारे. माझी जुनी जहाजं विचारली, काय काय करता येतं ते विचारलं, मी धडाधड सांगितलं. मग त्यांनी विचारलं, वर्षभर जहाज नाही, मग इतके दिवस काय करत होता?

त्याच वेळी बांधापलीकडच्या रस्त्यानं एक ट्रक ड्रायव्हर पंक्चर झालेलं चाक ढकलत चालला होता. मी "एक मिनिट, सर" म्हणून उठलो आणि बांधापर्यंत पळालो. "बर्री, ऊटा माडरी," म्हणून त्याला कानडीत जेवायला बोलावलं, हात धरून आणला, पान वाढलं. परत आलो तर कॅप्टन अजून मोबाइलवर होते, बहुतेक कोपीचं छप्पर बघत. कोण होता, म्हणाले. मी म्हटलं, माहीत नाही सर, वाटेनं चालला होता. ते बरं म्हणाले आणि फोन बंद झाला.

अण्णा कपाळाला हात लावून बसला. "कामून उठलास बाबा? मी बोलावलो असतो की त्याला." नोकरी गेली, असंच आम्ही सगळे धरून चाललो. पण पुढच्या आठवड्यात एजंटाचा निरोप आला, तयारीला लागा. हेड कुक नाही, दुय्यम कुक. दुय्यम तर दुय्यम. आता अण्णा गावभर सांगत सुटलाय, की आमच्या मायच्या शिकवणीनं भावाला जहाज मिळालं. लोक माना डोलावतात. मीही डोलावतो.

हे पत्र कुठं टाकायचं नाही, म्हणून तुला खरं सांगतो. त्या दिवशी मी तुझ्या शिकवणीनं उठलो नव्हतो. कॅप्टननी विचारलं तेव्हा, ढाब्यावर भाकरी थापत होतो, हे माझ्या तोंडातून निघेना. तू जन्मभर जे केलंस, ते सांगायची मला लाज वाटली, माय. तो ड्रायव्हर दिसला आणि मी सुटलो. जेवून हात धुताना त्यानं विचारलं, भाकरी कुणी केल्या? त्याला मी लगेच सांगितलं, मी केल्या, मायकडून शिकलो. कॅप्टनना सांगायचं अजून राहिलंय.